नानांच्या कॅलेंडरवरच्या फुल्या

पत्र थोडक्यात: दिंडोरी तालुक्यातल्या एका ३२ वर्षांच्या वाचकाने लिहिलं आहे. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून तो दोन वर्षांपूर्वी गावी परतला. घरची चार एकर द्राक्षबाग वडील, म्हणजे नाना, बघतात. निर्यातीच्या मालासाठी कोणतं औषध कधी मारलं याची नोंद लागते आणि शेतकरी ती नीट ठेवत नाहीत, असं वाटून त्याने मोबाइल ॲप तयार केलं. त्यात एक वर्ष गेलं, साठवलेले चार लाख गेले. ओळखीच्या साठ बागायतदारांनी ॲप घेतलं, ‘छान आहे’ म्हणाले. महिन्याभराने त्यातले चौघेच वापरत होते. खुद्द नानाही वापरत नाहीत. ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या, कृषी सेवा केंद्राने दिलेल्या कॅलेंडरवर सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीने ‘काहीतरी आकडे आणि फुल्या’ करून ठेवतात. मध्ये नाशिकला डिझाइन थिंकिंगच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला तो जाऊन आला. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवताना सगळं पटत होतं, घरी आल्यावर पुढे काय करायचं ते कळेना. त्याचे प्रश्न असे: शेतकऱ्यांना बदलच नको असेल तर ॲप बंद करून पुण्याला परत जावं का? की आणखी पैसे घालून जाहिरात करावी? की डिझाइन थिंकिंगचा मोठा ऑनलाइन कोर्स करावा? नानांशी या विषयावर बोलणं सध्या बंद आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ॲपबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय, पडद्यांचे फोटोही पाठवलेत. मी रकाने मोजले, एका फवारणीसाठी चौदा आहेत. नानांच्या कॅलेंडरला मात्र तुम्ही एकच वाक्य दिलंत, आणि तेही ‘काहीतरी’ म्हणून उरकलंत. मला त्या एका वाक्यापाशीच थांबावंसं वाटतंय, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दाराशी टांगलेलं आहे असा माझा कयास आहे.

पण त्याआधी तुमच्या पत्रात चारदा आलेल्या एका वाक्याबद्दल बोलते. ‘शेतकऱ्यांना बदल नको असतो.’ तुम्ही हे चिडून लिहिलंय हे कळतं, वर्षभराची मेहनत कुणी बाजूला ठेवली की माणूस असंच बोलतो. तरी जरा तुमच्या शिवाराकडे बघा. मोकळं पाणी देणारी बाग ठिबकवर कुणी नेली? पाणी क्षारयुक्त झालं, कमी पडू लागलं, तेव्हा स्वतःच्या मुळावरची बाग काढून डॉगरिज या काटक जातीच्या खुंटावर कलम कुणी केलं? सोनाकासारखं वाण सोलापूरकडच्या नान्नजच्या एका बागायतदाराने आपल्याच वेलींत हेरलं आणि ते शेतकऱ्यांकडून शेतकऱ्यांकडे पसरलं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा वेलीची वाढ आवरायला वर्षानुवर्षं हाताशी असलेलं ते औषध लोकांनी सोडलं. आता अवकाळीच्या धास्तीने बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकण्यापर्यंत मजल गेलीय, आणि त्याचा एकरी खर्च तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. इतके बदल अंगावर घेणारी माणसं तुमच्या ॲपपाशीच का थांबली, हा खरा विचारायचा प्रश्न आहे. ‘बदल नको’ असं म्हटलं की तो प्रश्न विचारायचाच राहून जातो.

दुसरं गृहीतक तुमच्याच पत्रात मोडलंय. तुम्ही म्हणता, शेतकरी नोंद ठेवत नाहीत. आणि दोन ओळींनंतर नाना कॅलेंडरवर आकडे लिहितात म्हणता. म्हणजे ते नोंद ठेवतात. त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला.

आता डिझाइन थिंकिंगविषयी, कारण कार्यशाळेत तुम्हाला त्याचं नाव मिळालं पण हाताला काही लागलं नाही असं दिसतंय. यासाठी ‘अभिकल्प विचार’ असा जड शब्द मराठीत आहे, मी तो वापरत नाही. मागे जायचं तर हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली एक साधी गोष्ट मांडली होती. आहे ती परिस्थिती हवी तशी व्हावी म्हणून जो कुणी उपाय आखतो, तो डिझाइनच करत असतो, मग तो डॉक्टर असो की व्यवस्थापक. पुढे १९९१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आयडिओ या कंपनीने आणि नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने त्याला शिकवता येईल असं रूप दिलं. पाच पायऱ्या सांगितल्या: माणसाला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, भरपूर कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तो लोकांत करून पाहा. कार्यशाळेत तुम्ही तिसऱ्या पायरीवर, म्हणजे कल्पनांच्या चिठ्ठ्यांवर, जास्त वेळ घालवला असणार. ती पायरी दोन दिवसांत, एसी हॉलमध्ये होऊ शकते. पहिली होत नाही. तिला बागेत जावं लागतं.

‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ हे आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ झिजून गेलाय. मी माझा अनुभव सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी डिझाइन शिकवत असताना विद्यार्थ्यांना घेऊन गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारासाठी घडीचा ठेला बनवला होता. कमरेइतका उंच, वर सावली, खाली खण. तीन बुधवार आम्ही बाजारात गेलो, फोटो काढले, प्रश्नावली भरून घेतली. कंबर दुखते का, असं विचारलं तर सगळ्या मावशी ‘हो’ म्हणाल्या. पाच ठेले तयार करून दिले. महिन्याभराने गेले तर एका मावशीने ठेला आडवा टाकून त्यावर रिकामी पोती रचली होती आणि ती शेजारी जमिनीवर बसली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा वही बाजूला ठेवून तिच्याजवळ बसले. दोन तासांत दिसलं ते असं: मेथीची मोठी गड्डी सोडून ती मांडीवर लहान जुड्या बांधते. तराजू उजव्या गुडघ्याला टेकलेला. पैशांची पिशवी मांडीखाली, कारण गर्दीत तीच जागा सुरक्षित. मागे पोत्यावर नात झोपलेली. यातलं काहीही उभं राहून होत नाही. कंबर दुखत होती हे खरंच होतं, पण त्यावर उभं राहण्याचा उपाय तिने कधी मागितला नव्हता. तो आम्ही आमच्या टेबलाच्या उंचीवरून काढला होता. त्या पाच ठेल्यांचे पैसे कॉलेजने दिले होते, तुमचे चार लाख तुमच्या खिशातले आहेत, म्हणून मला तुमची कळ समजते.

याच्या उलट उदाहरण जयपूर फूटचं. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो कृत्रिम पाय घडवला. त्याआधी मिळणारा विलायती पद्धतीचा पाय बुटात घालायला बनलेला होता. तो लावून मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, शेतात अनवाणी चालता येत नव्हतं. मांडी घालून जेवणाऱ्या आणि अनवाणी देवळात जाणाऱ्या माणसाला तो पाय असून नसल्यासारखा होता. नवा पाय रबराचा, घोट्यापाशी वळणारा, दिसायला पावलासारखा. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती त्या जोडीची जडणघडण. एकाला हाडं कळत होती, दुसऱ्याला साचे आणि रबर, आणि दोघांच्या डोळ्यांसमोर रुग्ण रोज होता. तुम्हाला कोड कळतो. हाडं कळणारा माणूस तुमच्याच घरात आहे.

आता तुमच्या बागेत येऊ या. छाटणीला अजून महिना-दीड महिना आहे, म्हणजे वेळ चांगली आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारण्या सुरू होतील. तेव्हा पाच घरं निवडा. त्यातली दोन तुमचं ॲप वापरणाऱ्या चौघांतली, दोन सोडून दिलेल्यांतली, आणि एक नानांचं. प्रत्येकाकडे फवारणीच्या दिवशी पहाटे जा आणि औषधाच्या बाटल्या धुऊन ठेवेपर्यंत थांबा. ॲपचा विषय काढू नका. मोबाइल खिशात ठेवा. शिकवू नका, सुचवू नका, चूक दिसली तरी दुरुस्त करू नका.

काय दिसेल ते मी सांगू शकत नाही, सांगूही नये. पण कुठे बघायचं ते सांगते. औषध ठरवतो कोण? मालक, की बागेला भेट देणारे कन्सल्टंट सर, की रात्री आलेला व्हॉट्सॲप मेसेज? टाकीत औषध कालवतो कोण? ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र, चालवतो कोण? तुमच्याकडे बऱ्याच बागांत ट्रॅक्टरवरचा माणूस पेठ-सुरगाण्याकडून आलेला असतो. तुमच्या चौदा रकान्यांत ‘फवारणी करणाऱ्याचं नाव’ हा एक रकाना आहे, पण ज्याच्या अंगावर ते औषध उडतं त्याला तुम्ही काही विचारलंय का? त्या वेळी हातात काय असतं? हातमोजे ओले, ब्लोअरचा आवाज, चष्म्यावर तुषार. अशा हाताने कुणी मोबाइलवर अक्षरं दाबेल का? मग नोंद नेमकी केव्हा होते, कुठे होते, घरातलं कोण करतं? कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी का टांगलंय, बैठकीत का नाही? हात धुऊन चहाला आत येतात ती जागा तीच तर नसेल?

आणि एक बारीक गोष्ट. तुमच्या ॲपचा पहिला रकाना ‘तारीख’ आहे. द्राक्ष बागायतदार तारखेत बोलतो का? मी नाशिकमध्ये इतकी वर्षं राहते, लग्नकार्यात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर बागायतदारांच्या गप्पा ऐकलेल्या आहेत. ‘आज कितवा दिवस?’ हाच प्रश्न असतो. छाटणीपासून बेचाळिसावा, साठावा, नव्वदावा. प्रत्येक प्लॉटची छाटणी वेगळ्या दिवशी, म्हणून एकाच सकाळी एका वावरात अडतिसावा दिवस असतो आणि दुसऱ्यात एकतिसावा. नानांच्या कॅलेंडरवरचे आकडे हे दिवसच असावेत असं मला वाटतं. तसं असेल तर त्या फुकटच्या कॅलेंडरला तुमच्या ॲपपेक्षा बागेची भाषा जास्त येते. औषधांच्या नावांचंही तसंच. तुम्ही ‘सक्रिय घटक’ विचारता, लोकांच्या तोंडी बाटलीवरचं नाव असतं.

लोकांशी बोलताना एक पथ्य पाळा. ‘असं ॲप आवडेल का?’ हे विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं. गावातल्या पोराने काही केलंय, त्याला नाव कशाला ठेवायचं, म्हणून साठ जणांनी ‘छान आहे’ म्हटलं. ते खोटं बोलले नाहीत, त्यांनी तुमचं कौतुक केलं. तुम्ही त्याला मागणी समजलात. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. मागच्या मोसमात निर्यातदाराच्या माणसाने फाइल मागितली तेव्हा काय केलंत? कुठून उतरवलं? कुणी बसून लिहिलं? किती वेळ गेला? मागे कधी औषध मारल्यावर झोप लागली नाही असं झालं का, आणि कशामुळे? घडलेल्या गोष्टीच्या उत्तरात माणूस तपशील देतो, आणि आपल्याला तपशीलच हवे आहेत.

मला एक शंका आहे, ती पडताळून पाहा. या नोंदीची गरज कुणाला आहे? निर्यातदाराला, पॅकहाऊसला, आणि अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटसारख्या, मालाचा बागेपर्यंत माग काढणाऱ्या व्यवस्थेला, जी २००६ पासून आहे. भरायचं कुणी? बागायतदाराने. म्हणजे श्रम एकाचे आणि उपयोग दुसऱ्याचा. अशा नोंदी जगात सगळीकडे मोसमाच्या शेवटी, एका बैठकीत, आठवून आठवून भरल्या जातात. शेतकऱ्याला त्या क्षणी काही मिळालं तरच तो त्या क्षणी लिहील. संध्याकाळी ढग आलेत, उद्या मारावं की थांबावं, हे औषध आता चालेल का, काढणीला किती दिवस राहिलेत, हा त्याचा घोर असतो. तुमचं ॲप त्याला चौदा गोष्टी विचारतं, सांगत काहीच नाही.

पाच घरं झाली की प्रश्न पुन्हा लिहून काढा. तुमचा आताचा प्रश्न आहे, ‘शेतकऱ्यांना नोंद ठेवायला कसं लावता येईल?’ यातल्या ‘लावता येईल’ या शब्दांतच दोष शेतकऱ्याचा धरलाय. माझ्या अंदाजाने तुमचे नवे प्रश्न काहीसे असे होतील: भिंतीवर आधीच लिहिलेलं, नानांना दुसऱ्यांदा लिहायला न लावता, फाइलपर्यंत कसं पोचेल? किंवा, ढगाळ रात्री निर्णय घेताना बागायतदाराला आपलंच मागचं लिहिलेलं चटकन कसं दिसेल? किंवा, ट्रॅक्टरवरच्या माणसाला टाकीत काय आहे आणि बागेत परत कधी शिरायचं हे वाचता न येताही कसं कळेल? तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं आहेत. त्यातल्या एकालाही कदाचित ॲप लागणार नाही.

आपल्या नाशिकचंच एक उदाहरण तुम्हाला आठवत असेल. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढच्या, २०१५ च्या कुंभाआधी एमआयटी मीडिया लॅबमधले, मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे ‘कुंभाथॉन’ नावाची नव्या कल्पनांची कार्यशाळा भरली आणि त्यातून एका शाळकरी मुलाच्या गटाने पावलं मोजणारी चटई तयार केली. गर्दी आवरायची कशी, या अवाढव्य प्रश्नाचा त्यांनी एक हाताळता येणारा तुकडा केला: या वाटेने आत्ता किती माणसं जात आहेत? लाखो लोकांच्या हाती काही देणं शक्य नव्हतं, पण प्रत्येकाचं पाऊल जमिनीवर पडणारच होतं. भाविकाला काहीही करावं लागत नाही, चालत तर तो असतोच. तुम्हीही तसंच शोधा. नाना जे करतातच, त्यावरच चटई टाकता येईल का?

मग नमुना. इथे तुमच्यातल्या इंजिनिअरला आवरावं लागेल, कारण तुमचे हात लगेच कोडकडे जातील. कोड नको. पाच घरांना सांगा, दर रविवारी कॅलेंडरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तो वाचून फाइलच्या नमुन्यात तुम्ही स्वतः हाताने उतरवा. यंत्राने करायचं काम काही आठवडे पडद्यामागे बसून तुम्हीच करा. बदल्यात त्यांना त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवा, कोणत्या वावरात आज कितवा दिवस आणि मागची फवारणी कोणती, कधी. दुसऱ्या दोन घरांसाठी चार मोठ्या कागदांवर ‘दिवस १, दिवस २’ असं छापून, प्लॉटनुसार रकाने पाडून, दाराशी टांगायचं पान करा. छपाईला दोनशे रुपये लागतील. ते पान तीन आठवड्यांत कसं मळतं, कुठे लिहिलं जातं, कुठला रकाना कोरा राहतो, ते बघा. कोरा राहिलेला रकाना बिनदिक्कत काढून टाका.

एका गोष्टीत मात्र प्रयोग करू नका. काढणीआधी किती दिवस थांबायचं हे आकडे पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीवरून आणि लेबलवरूनच घ्या. तिथे अंदाज चालणार नाही. एका चुकीच्या आकड्याने कुणाचा कंटेनर परत आला तर नमुना होता म्हणून कोणी माफ करणार नाही, आणि करूही नये.

करून पाहताना जे अनपेक्षित येईल ते सोन्यासारखं जपा. स्टॅनफर्डच्या एका वर्गात २००७ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी ‘एम्ब्रेस’ नावाची पिशवी तयार झाली. आतलं मेणासारखं पुडकं गरम करायचं आणि पट्टीवर ३७ अंश दिसले की वापरायचं. एका आईने सांगितलं, मी जरा कमीच गरम करीन, इंग्रजी औषध फार कडक असतं, बाळाला झेपायचं नाही. तिच्या बोलण्यात मायाच होती, आणि त्या मायेनेच बाळाला ऊब कमी पडली असती. मग त्यांनी आकडे काढून टाकले आणि तयार आहे की नाही एवढंच दाखवणारी खूण ठेवली. आईला समजावण्यापेक्षा पट्टी बदलणं त्यांना योग्य वाटलं, आणि मलाही तेच योग्य वाटतं.

या पद्धतीला जिथे शेवट आहे तो भागही सांगायला हवा. माल घेऊन पैसे न देता गायब होणारा व्यापारी, मणी फुटवणारा डिसेंबरातला पाऊस, परदेशातले बदलते नियम, हे सगळं नानांजवळ बसून, त्यांचं ऐकून सुटत नाही. त्याला कायदा लागतो, संघटना लागते, विमा लागतो. बागायतदाराची खरी बोच तिथे आहे असं पाच घरांत दिसलं, तर तुमचं ॲप कितीही सुधारलं तरी त्याच्या उपयोगाचं नाही, हे मान्य करण्याची तयारी ठेवा. तेही या कामातून हाती आलेलं उत्तरच आहे, आणि ते आणखी चार लाख घालण्याआधी मिळालेलं बरं.

तुम्ही विचारलेल्या तीन पर्यायांबद्दल. जाहिरातीवर पैसे घालू नका, यात मला जराही शंका नाही. साठ जणांनी घेऊन सोडलेली गोष्ट सहाशे जणांपर्यंत नेली तर सोडणारेच वाढतील. मोठा कोर्स आत्ता नको. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था १९६१ पासून, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून उत्तम डिझाइनर घडवत आली आहे, आणि हाच व्यवसाय करावा असं पुढे वाटलं तर जरूर तिकडचा विचार करा. पण आज तुमचं अडलंय ते प्रमाणपत्रामुळे नाही. पुण्याला परत जाण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ‘शेतकऱ्यांना बदल नको’ या समजुतीवर तो निर्णय घेऊ नका, कारण ती समजूत पुढच्या प्रत्येक कामात तुमच्यासोबत येईल. संक्रांतीपर्यंत मुदत ठेवा. तोवर घरखर्चापुरतं काम पुण्याच्या जुन्या ओळखीतून घरी बसून मिळत असेल तर घ्या, म्हणजे प्रत्येक फवारणीकडे बुडत्याच्या नजरेने बघावं लागणार नाही. संक्रांतीला पाचपैकी तीन घरं तुम्ही आठवण न करता फोटो पाठवत असतील, तर पुढे जा. नसतील तर थांबा.

याच वळणाची आणखी दोन पत्रं या महिन्यात आली आहेत, त्यांनाही इथेच सांगते. नाशिकरोडच्या शिक्षिका लिहितात की पालक शाळेच्या ग्रुपवरचं वाचत नाहीत. बाई, तुमच्या वर्गातले तीन पालक निवडा आणि संध्याकाळी सात ते नऊ ते काय करत असतात ते त्यांच्या घरी जाऊन बघा, मेसेजची लांबी मग तुमची तुम्हालाच कळेल. इंदिरानगरला घरगुती भाजणीचा व्यवसाय करणाऱ्या ताई विचारतात की पाकीट एकदा घेणारं गिऱ्हाईक परत का येत नाही. चव बदलण्याआधी एखाद्या गिऱ्हाइकाच्या ओट्याशी उभं राहून ते थालीपीठ लावताना बघा. पाणी किती घालायचं हे तुम्हाला हाताने कळतं, तिला पाकिटावर शोधावं लागतं.

आता परत तुमच्याकडे. नानांशी बोलणं बंद आहे असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. मला वाटतं त्यांच्याशी तुम्ही वर्षभर ॲपबद्दल बोललात, बागेबद्दल कमी. पस्तीस-चाळीस मोसम पाहिलेल्या माणसाला मुलाने ‘तुम्ही नोंद ठेवत नाही’ म्हणावं हे त्यांना लागलं असेल. माफी मागायची तर मागा, पण त्याहून सोपं एक काम आहे. मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून त्याच खिळ्याला, नव्याच्या मागे असेल, आपल्या घरांत ते तसंच असतं. चहाच्या वेळी ते काढा, नोव्हेंबरचं पान उघडा, नानांच्या पुढ्यात ठेवा आणि विचारा, ‘नाना, हे आकडे दिवसांचे आहेत ते कळलं. या फुल्या कशाच्या?’ मग ते बोलतील तोवर काही बोलू नका. त्या फुल्या कशाच्या होत्या ते मलाही लिहून कळवा, मी वाट बघते.